विमानातून उतरून थेट ओकायामा : आई-बाबांना घेऊन जपानचा रेल्वेप्रवास कसा आखू?

मुठाकाठ | २१ ऑगस्ट, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

आमचं घर सिंहगड रस्त्याला. पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजे आपण सगळे ज्याला ओकायामा गार्डन म्हणतो, ते घरापासून चालत दहा मिनिटांवर. आई गेली कित्येक वर्षं सकाळी तिथे फिरायला जाते. गुडघा दुखायला लागल्यापासून फेऱ्या कमी झाल्या, पण जाणं सुटलेलं नाही. ही बाग जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली आहे, हे तिला कुणीतरी सांगितलं तेव्हापासून "मूळची बाग कशी असेल गं?" हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी येतोच. यंदा ठरवलं, न्यायचंच. बाबा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेत, त्यामुळे ते बुलेट ट्रेनसाठी तयारच आहेत. आई ६७, बाबा ७२. मी एकटीच सोबत.

आत्ताचा बेत असा: नोव्हेंबरच्या मध्यावर मुंबईहून निघून सकाळी टोकियोच्या नारिता विमानतळावर उतरायचं आणि त्याच दिवशी रेल्वेने ओकायामा गाठायचं. पाच दिवस तिथे, मग पाच दिवस ओसाका-क्योतो. आमच्या ट्रॅव्हल एजंटांनी तिघांना सात-सात दिवसांचा जपान रेल पास घ्यायला सांगितलंय, माणशी ५०,००० येन. विमानाची तिकिटं अजून काढलेली नाहीत.

प्रश्न:
हा पास खरंच लागेल का? उतरल्या दिवशीच एवढा लांबचा प्रवास आईला झेपेल का? आणि विमानाला उशीर झाला तर रेल्वेच्या तिकिटांचं काय होतं? मला शेवटच्या प्रश्नाची सगळ्यात जास्त धास्ती आहे.

ओसाकाकर | २१ ऑगस्ट, रात्री ११:४०

ताई, तिकिटं काढली नाहीत हे फार बरं झालं. नारिताला उतरूच नका.

नकाशा उघडून बघा. ओकायामा पश्चिम जपानात आहे. टोकियोहून रेल्वेने ७३३ किलोमीटर. नारिता विमानतळही टोकियोत नाही, शेजारच्या चिबा प्रांतात आहे. नारिता एक्सप्रेसने टोकियो स्टेशनला यायला साधारण तास, मग नोझोमी या बुलेट ट्रेनने ओकायामाला सव्वातीन तास. मध्ये टोकियो स्टेशनवर बदल. टोकियो स्टेशन ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल, रात्रभर विमानात बसून आलेल्या आणि गुडघा दुखणाऱ्या बाईला तिथून बॅगांसकट चालवणं म्हणजे काय.

तुम्ही कान्साई विमानतळावर उतरा. ओसाकाच्या उपसागरात भराव घालून केलेल्या बेटावर तो बांधलाय. मुंबईहून बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगला विमान बदलून येता येतं. मधला थांबा वाढतो, मान्य. पण विमानतळावर खुर्चीत बसून काढलेले तीन तास आणि स्टेशनात सामान ओढत काढलेले तीन तास यांत फार फरक आहे.

कान्साई विमानतळाचं रेल्वे स्टेशन पहिल्या टर्मिनलच्या अगदी समोर आहे. पुलावरून सरळ चालत जायचं. (स्वस्त विमानकंपन्या दुसऱ्या टर्मिनलला उतरवतात, तिथून पहिल्याकडे फुकट बस आहे.) स्टेशनात शिरल्यावर शेजारी-शेजारी दोन कंपन्यांची दारं दिसतील, निळं जेआरचं (म्हणजे जपान रेल्वेचं) आणि लाल नानकाईचं. तुमचं निळं. तिथून 'हारुका' गाडी, शिन-ओसाका सुमारे पन्नास मिनिटं. शिन-ओसाकाला बदलून शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, ओकायामा पाऊण तास.

पासचं गणित करा. सात दिवसांचा देशव्यापी पास ऑक्टोबर २०२३ पर्यंत २९,६५० येनला मिळायचा, तेव्हा डोळे झाकून घ्या म्हणायचो. एका फटक्यात ५०,००० झाला. टोकियो-ओकायामा एका बाजूचं भाडं १७ हजारांच्या पुढे आहे, म्हणजे जाऊन-येऊनसुद्धा पासचे पैसे वसूल होत नाहीत. शिवाय त्या पासवर नोझोमी आणि मिझुहो या सगळ्यात जलद गाड्यांना वेगळे पैसे पडतात. शिन-ओसाका ते ओकायामा साधं तिकीट सहा हजारांच्या आसपास आहे. तिघांचे मिळून दीड लाख येन पासात घालवण्याचं तुम्हाला काहीएक कारण नाही.

नीलमोहर | २२ ऑगस्ट, सकाळी ७:०५

ओसाकाकरांशी थोडा मतभेद. आयुष्यात एकदाच जपानला जाणार असतील तर आई-बाबांना फुजी दिसायला हवा. टोकियोहून पश्चिमेला जाताना 'ई' नंबरची खिडकी घ्यायची, पाऊण तासात उजव्या हाताला फुजी येतो. माझ्या सासूबाई आजही तो क्षण सांगतात. टोकियोत दोन रात्री राहून, विश्रांती घेऊन मग ओकायामाला जा. शिणवटाही नाही आणि फुजीही पदरात.

ओसाकाकर | २२ ऑगस्ट, सकाळी ७:३१

दोन रात्री राहणार असतील तर माझी हरकत नाही. माझा विरोध उतरल्या दिवशीच नारिता ते ओकायामा करण्याला आहे. पण त्यांच्याकडे दहा दिवस आहेत आणि आईंना बाग बघायची आहे. नोव्हेंबरात फुजी दिसण्याची शक्यता उन्हाळ्यापेक्षा पुष्कळ चांगली, हे तुमचं बरोबर. तरी ढगांची खात्री कोण देणार?

साठीपार | २२ ऑगस्ट, सकाळी ९:१८

मुठाकाठ, तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर माझा अनुभव सांगतो, कारण हीच चूक मी केली.

आम्ही दोघं दोन वर्षांपूर्वी गेलो. मी शिस्तीचा माणूस, घरूनच सगळं ठरवून निघालो. विमान सकाळी ८ ला उतरणार, म्हणून ११ च्या शिन्कान्सेनची सवलतीची तिकिटं आधीच काढून ठेवली. स्वस्त होती, पण त्याच गाडीला चालणारी. मधल्या विमानतळावर आमचं दुसरं विमान साडेतीन तास उशिरा सुटलं. उतरलो तेव्हा गाडी निघून गेलेली. विमानकंपनीने रेल्वेच्या तिकिटांची जबाबदारी घेतली नाही, आणि सवलतीच्या तिकिटाच्या अटींप्रमाणे ते पैसे गेलेच. दोघांची तिकिटं पुन्हा काढली. पैशांपेक्षा वाईट वाटलं ते याचं, की बायकोने विमानात डोळा मिटला नव्हता. मी सारखा घड्याळ बघत होतो आणि तिला तो ताण जाणवत होता. परक्या देशातले पहिले सहा तास आम्ही असे घालवले.

तेव्हा उतरल्या दिवसाचं रेल्वेचं तिकीट उतरल्यावर काढायचं. पाहिजे तर थोडे येन जास्त द्या.

रुळावरून | २२ ऑगस्ट, दुपारी १:४४

साठीपार यांना पूर्ण अनुमोदन. नियम थोडा उलगडून सांगतो, म्हणजे धास्ती जाईल.

शिन्कान्सेनमध्ये आरक्षित आणि अनारक्षित असे वेगवेगळे डबे असतात. नेहमीच्या दराचं आरक्षित तिकीट काढलं असेल आणि गाडी चुकली, तर त्याच दिवशीच्या पुढच्या गाडीच्या अनारक्षित डब्यात त्याच तिकिटावर बसता येतं. सीटची खात्री जाते, तिकीट वाया जात नाही. आणि गाडी सुटण्याआधीच लक्षात आलं तर एकदा बदल फुकट करून मिळतो. सवलतीच्या बऱ्याच तिकिटांना हे लागू नाही. एक अपवाद: नववर्ष, एप्रिल-मेमधला गोल्डन वीक आणि ऑगस्टमधला ओबोन या गर्दीच्या दिवसांत नोझोमी गाड्या पूर्ण आरक्षित असतात. तुम्ही नोव्हेंबरात जाताय. तरी २३ नोव्हेंबरला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते, त्याच्या आगेमागे लांबचा प्रवास टाळा.

आता गाडी कुठली घ्यायची? सगळे नोझोमी-नोझोमी करतात. शिन-ओसाकापासून पश्चिमेला तुम्ही 'साकुरा' घ्या. आठ डब्यांची गाडी. १ ते ३ अनारक्षित, त्यांत एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन सीट. पण ४ ते ८ या आरक्षित डब्यांत दोन्हीकडे दोन-दोनच सीट आहेत, म्हणजे त्याच वर्गात जास्त रुंद खुर्ची. नोझोमीपेक्षा वेळ जवळजवळ तेवढाच. आई-बाबा शेजारी-शेजारी, तुम्ही मागे किंवा पलीकडे. 'कोदामा' मात्र घेऊ नका, ती प्रत्येक स्टेशनला थांबते.

खिडकी हवी असेल तर 'डी' मागा. ती उजवी, डोंगराकडची बाजू. शिन-ओसाका सोडल्यावर लगेच रोक्को बोगदा लागतो, सोळा किलोमीटरचा, आणि बाहेर पडल्या-पडल्या शिन-कोबे स्टेशन, दोन बोगद्यांच्या मधल्या फटीत बसवलेलं. पुढे हिमेजीला उजवीकडे पांढरा किल्ला दिसतो. गाडी तिथे थांबणारी नसेल तर बाबांना आधीच सावध करा, काही सेकंदच मिळतात.

बाबा रेल्वेतले आहेत म्हणून एक गोष्ट मुद्दाम. त्यांना प्रश्न पडेल की विमानतळावरची गाडी सरळ ओकायामापर्यंत का नेत नाहीत. जपानचे जुने रूळ १०६७ मिलिमीटर रुंदीचे आणि शिन्कान्सेनचे १४३५. दोन्ही जाळी वेगळी. १९६४ मध्ये टोकियो-ओसाका मार्ग सुरू झाला तो मुळातच स्वतंत्र रुळांवर, ना फाटक ना मालगाडी. १५ मार्च १९७२ ला तोच पुढे ओकायामापर्यंत गेला. म्हणून शिन-ओसाकाला गाडी बदलणं चुकत नाही. आपला ब्रॉडगेज १६७६, हे त्यांना सांगायला नकोच.

बोईसर_लोकल | २२ ऑगस्ट, दुपारी ३:२०

काकांना आमचा नमस्कार सांगा. आमच्या भागातून मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे खांब उभे राहताना रोज बघतो. तंत्र शिन्कान्सेनचंच. काका बसून आले की कसं वाटलं ते नक्की लिहा, आम्हाला अजून वाट बघायची आहे.

चकली | २२ ऑगस्ट, संध्याकाळी ६:०२

रेल्वेतलं मला कळत नाही, खाण्याचं सांगते. आई शाकाहारी आहेत का?

तिथे भाजीच्या पदार्थातसुद्धा 'दाशी' असते, म्हणजे सुकवलेल्या माशाच्या किसाचं पाणी. सूप, नूडल्स, सोयाबीनची चटणी घातलेली भाजी, सगळ्यात. स्टेशनवर मिळणारे डबे, एकिबेन, दिसायला इतके सुंदर की मोह होतो, पण शुद्ध शाकाहारी सापडणं अवघड. भाताच्या त्रिकोणी गोळ्यांमध्ये 'उमे' म्हणजे खारवलेल्या आलुबुखाराचा बघा. त्याची चव आपल्या लिंबाच्या लोणच्याजवळ जाते, माझ्या आईला फार आवडला.

पहिल्या दिवसासाठी दशम्या, मेथीचे ठेपले, दाण्याची चटणी, चिवडा असं कोरडं न्या. मांसाचे पदार्थ, ताजी फळं, भाज्या, कढीपत्त्याची पानं असलं काही बॅगेत नको, उतरताना तपासतात. शिन्कान्सेनमध्ये बसून खायला काही हरकत नसते, सगळेच खातात. शहरातल्या साध्या लोकलमध्ये मात्र कुणी डबा उघडत नाही.

मुठाकाठ | २३ ऑगस्ट, रात्री ९:५०

इतक्या आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी, बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. साठीपार काका, तुमचं वाचून आई म्हणाली, "बघ, मी म्हणत नव्हते, घाई नको."

ठरलं. बँकॉकमार्गे कान्साई, सकाळी ७ च्या सुमारास उतरतो. नारिता रद्द, पास रद्द. नीलमोहर, फुजी राहिला याची मलाही रुखरुख आहे.

दोन शंका उरल्या. आमच्या तीन मोठ्या बॅगा आहेत. आणि ओकायामाला गाडी एखादं मिनिटच थांबते म्हणतात, तेवढ्यात तिघं आणि तीन बॅगा उतरणार कसे?

ओसाकाकर | २३ ऑगस्ट, रात्री १०:३५

बॅग चाकांसकट मोजा. लांबी, रुंदी, उंची तिन्हींची बेरीज. १६० सेंटिमीटरपर्यंत काही नाही. १६० ते २५० असेल तर या मार्गावर डब्यातली सगळ्यात मागची, सामानाच्या जागेसकटची सीट आरक्षित करावी लागते. जादा पैसे नाहीत, पण न करता चढलात तर एक हजार येन भरावे लागतात.

माझं खरं मत सांगू? बॅगा गाडीत नेऊच नका. विमानतळावरच कुरिअरचे काउंटर आहेत, तिथे देऊन टाका. ओकायामाच्या हॉटेलचा पत्ता जपानी लिपीत छापून ठेवा, दुसऱ्या दिवशी बॅग हॉटेलात पोचते. एक रात्र पुरेल एवढे कपडे, औषधं आणि चकलीताईंचे ठेपले एका पाठीवरच्या पिशवीत. इथले लोक स्वतः असाच प्रवास करतात. हात मोकळे असले की एक मिनिट भरपूर होतं. शिवाय उतरण्याच्या आधी घोषणा इंग्रजीतही होते. ती ऐकली की उठून दाराशी जायचं, फलाट दिसेपर्यंत बसून राहायचं नाही.

रुळावरून | २४ ऑगस्ट, सकाळी ८:११

आणखी एक, ज्याच्यापाशी हमखास अडतं. शिन्कान्सेनला दोन तिकिटं हातात येतात. एक मूळ भाड्याचं, एक जलद गाडीचं. शिन-ओसाकाला जुन्या रुळांकडून शिन्कान्सेनकडे जाताना मधलं दार असतं. तिथे हातात असतील ती सगळी तिकिटं एकावर एक ठेवून एकाच फटीत घालायची, मशीन ती ओळखतं आणि पलीकडे पुढची तिकिटं बाहेर काढतं. ती उचलायला विसरायचं नाही. आई-बाबांना घरीच खेळायचे पत्ते हातात देऊन सराव करून घ्या, मी गंमत करत नाहीये.

आणि शिन-ओसाका आणि ओसाका ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. हारुका दोन्हीकडे थांबते, आधी ओसाका येतं. तिथे उतरू नका. शिन्कान्सेन फक्त शिन-ओसाकाला.

मुठाकाठ | ६ डिसेंबर, रात्री ८:४०

आम्ही जाऊन आलो. उशीर झाला लिहायला, आल्यावर आईला सर्दी झाली होती, आता बरी आहे.

उतरल्या दिवसाचं सविस्तर लिहिते, पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

विमान वेळेवर उतरलं, पण पासपोर्टच्या रांगेत सव्वा तास गेला. अर्ज घरूनच ऑनलाइन भरून क्यूआर कोड फोनवर ठेवला होता, तरी माणसंच एवढी होती. त्या रांगेत उभी असताना मला एकदाही घड्याळ बघावंसं वाटलं नाही, कारण हातात कुठलंच तिकीट नव्हतं. साठीपार काका, हे तुमच्यामुळे. बाहेर येऊन बॅगा कुरिअरला दिल्या. पत्त्याची छापील चिठ्ठी काउंटरवरच्या मुलीने वाचली, फॉर्म स्वतःच भरून दिला.

जेआरच्या तिकीट खिडकीवर पुन्हा मोठी रांग. मी रांग सोडून शेजारच्या हिरव्या मशीनकडे गेले, भाषा इंग्रजी केली, आणि ओकायामापर्यंतची तिन्ही तिकिटं पंधरा मिनिटांत काढली. माझं पहिलं कार्ड मशीनने घेतलं नाही, दुसरं घेतलं. दोन बँकांची कार्डं आणि थोडे रोख येन जवळ ठेवा. हारुका आणि साकुरा यांच्यात मुद्दाम पंचावन्न मिनिटांचं अंतर ठेवलं. मशीन पहिल्यांदा बारा मिनिटांचा बदल दाखवत होतं. तरुण माणसाला तो जमेलही, आम्हाला नको होता.

शिन-ओसाकाच्या मधल्या दारावर जे व्हायचं तेच झालं. घरी पत्त्यांनी सराव केला होता, खरंच केला होता. बाबा झोकात पलीकडे गेले. आईने एकच तिकीट घातलं आणि दाराच्या झडपा बंद झाल्या. ती इतकी दचकली की दोन पावलं मागे आली. बाजूच्या खिडकीतून एक कर्मचारी धावत आला. त्याने आईच्या हातातलं दुसरं तिकीट दोन्ही हातांनी घेतलं, पहिल्यावर ठेवलं, कडा जुळवून तिच्याच हातात परत दिलं आणि फटीकडे बोट दाखवलं. स्वतः घालून मोकळा झाला नाही, तिलाच घालू दिलं. परतीच्या प्रवासात आई सगळ्यात पुढे होती.

साकुराच्या रुंद खुर्च्यांबद्दल रुळावरून यांचे किती आभार मानू! आईला पाय लांब करता आले. ठेपले तिथेच खाल्ले. रोक्को बोगद्यात शिरल्यावर बाबा मिनिटं मोजत बसले होते. हिमेजीचा किल्ला आईला दिसला, बाबांना नाही, ते तेव्हा वहीत काहीतरी लिहीत होते.

ओकायामाला घोषणा झाली तशी उठलो, दाराशी उभे राहिलो. गाडी थांबली, उतरलो. आणि मग बाबा हलेनात. ते फलाटावर गाडीच्या शेपटीकडे बघत होते. शेवटच्या डब्याच्या खिडकीतून कंडक्टर डोकं बाहेर काढून पांढरा हातमोजा घातलेल्या हाताने फलाट दाखवत, काहीतरी म्हणत होता. आजूबाजूला त्याचं ऐकणारं कुणी नव्हतं. बाबा म्हणाले, "तो स्वतःलाच सांगतोय. आमच्याकडे ड्रायव्हर आणि असिस्टंट सिग्नल असाच मोठ्याने म्हणतात, हात दाखवून. तोंडाने म्हटलं की डोळा चुकत नाही." गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते उभे होते, आणि त्यांचा उजवा हात अर्धा वर उचललेला होता, गार्डने ऑल राइट देताना असतो तसा. अडतीस वर्षं नोकरी केली त्यांनी. मी त्यांना निघा म्हटलं नाही.

त्या दिवशी दुसरं काही केलं नाही. हॉटेलात जाऊन झोपलो. भारतापेक्षा घड्याळ साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे तिथली सकाळ आपली पहाट. आई-बाबांसोबत जाणाऱ्यांना माझा आग्रह आहे, पहिल्या दिवसाच्या कागदावर प्रवास सोडून काहीही लिहू नका.

बाग दुसऱ्या दिवशी. स्टेशनसमोरून ट्राम, शिरोशिता थांबा, तिथून आसाही नदीच्या पुलावरून दहा मिनिटं चालत. आम्हाला वीस लागली. कोराकुएन पुण्याच्या बागेच्या तिपटीहून मोठी आहे. १७०० साली पूर्ण झाली, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात बरीच नष्ट झाली, जुन्या चित्रांवरून पुन्हा उभी केली. मेपलची झाडं लाल झाली होती, तळ्यापलीकडे काळा किल्ला. आईने आल्याआल्या दोन बागांची तुलना सुरू केली: "आपल्याकडे हिरवळ अशीच चढत जाते बघ. आपला पूल या बाजूला आहे. झाडं आपली दाट आहेत." आपली, आपली. तिकीट देणाऱ्या बाईंना तिने फोनवर पुण्याच्या बागेचे फोटो दाखवले. भाषा काही कळत नव्हती, पण 'पुणे' हा शब्द त्यांना बरोबर कळला.

आत र्युतेन नावाचं एक उघडं लाकडी घर आहे. मधोमध पाण्याचा पाट वाहतो, त्यात रंगीत दगड ठेवलेत. युद्धात वाचलेल्या मोजक्या इमारतींपैकी ती एक. चप्पल काढून आत बसता येतं. आई तिथे बसली ती पाऊण तास उठली नाही. गुडघा चोळत पाण्याकडे बघत होती. मध्येच म्हणाली, "उद्या सकाळी परत येऊ या. रोज येतो तसं."

पाचही दिवस सकाळी गेलो. कुराशिकीचा अर्धा दिवस सोडला तर बाकी ठिकाणं राहिली, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

साठीपार | ६ डिसेंबर, रात्री ९:२५

वाचून डोळे भरून आले. बायकोलाही वाचून दाखवलं. बाबांना माझा नमस्कार.

बोईसर_लोकल | ६ डिसेंबर, रात्री ९:५८

काकांनी वहीत काय लिहिलं ते कळेल का?

मुठाकाठ | ६ डिसेंबर, रात्री १०:२०

विचारलं. प्रत्येक स्टेशनची पोचण्याची आणि सुटण्याची वेळ, सेकंदांसकट. शिन-कोबेसमोर लिहिलंय : "वेळेवर." ओकायामासमोर : "वेळेवर. हात दाखवतात." तुम्हाला पानाचा फोटो पाठवायला सांगितलाय त्यांनी, उद्या चढवते.

गारवा | ७ डिसेंबर, सकाळी ६:४७

मुठाकाठताई, आम्ही मार्चअखेर सासू-सासऱ्यांना घेऊन कान्साईलाच उतरतोय, पण रात्री ९ वाजता. तेव्हाच ओकायामाला निघावं की विमानतळाजवळ राहावं?

मुठाकाठ | ७ डिसेंबर, सकाळी ७:३०

राहा. पासपोर्टची रांग, सामान, तिकीट यांत साडेदहा-अकरा सहज होतील, आणि मध्यरात्र ते सकाळी ६ शिन्कान्सेन धावतच नाही. विमानतळाच्या आवारातच हॉटेल आहे, स्टेशनच्या पुलाला लागून. झोपा, सकाळी खाऊन नऊनंतरची हारुका घ्या. मार्चअखेर चेरीचा बहर, गर्दी असेल, त्यामुळे सकाळच्या साकुराचं आरक्षण रात्रीच हिरव्या मशीनवर करून ठेवा. आणि दोन्ही तिकिटं एकत्र घालायची, सासूबाईंना आत्ताच सांगून ठेवा.